शोरा नदीकाठची उणे एकेचाळीस

उस्त-शोर्स्क, १४ ऑक्टोबर १९०२

आवेर्या,

साडेतीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. छापील परिपत्रकाच्या तळाशी दीड ओळ का होईना, पण तुझंच. शेपूट लावावं तसा तू अजून प्रत्येक शब्दाला शेवटी फटकारा मारतोस. वर छापलेलं, 'उस्त-शोर्स्क हवामान केंद्राच्या निरीक्षिका यांस'. खाली हाताने, '३ फेब्रुवारी १८९९, सकाळी सातच्या नोंदीची मूळ पानावरून नक्कल पाठवावी, पुस्तकासाठी हवी आहे'. कशी आहेस, जिवंत आहेस का, दात पडले का, काही नाही. बरी आहे. दात दोन पडले.

पुस्तक लिहितोयस हे मला धाकट्या पाद्र्याकडून, दियाकोन पामफिलकडून कळलं होतं. टेकडीवरच्या मठातल्या त्याच्या केंद्राची आकडेवारीही तू मागवलीस म्हणे, आणि त्याला मात्र चांगलं दोन पानी पत्र लिहिलंस. तो ते खिशात घेऊन फिरतो. भेटेल त्याला सांगतो, "आमचे प्राध्यापक म्हणतात, थंडी म्हणजे पाणीच! जड असते, डोंगरावरून ओघळते आणि खोऱ्यात साचते!" मी त्याला म्हटलं, "प्राध्यापक आठ वर्षांचे असताना आमच्या तळघराच्या पायऱ्यांवर बसून हेच म्हणायचे. तेव्हा त्यांना कांजिण्या होत्या." त्याला ते आवडलं नाही.

त्या दिवशी टेकडीवर उणे चोवीस आणि खाली आमच्याकडे उणे एकेचाळीस पूर्णांक तीन. सतरा अंशांचा फरक, तोही मठाकडे चढणाऱ्या चारशे पायऱ्यांच्या अंतरात! तुझं अख्खं पुस्तक या फरकावर उभं आहे, असं पामफिल म्हणाला. खरं का? अख्खं?

तू त्या तारेबद्दल अजून रागावलेला आहेस, हे मी धरून चालते. 'उणे एकेचाळीस पूर्णांक तीन. पारा गोठला. बाबा गेले.' आधी थंडी आणि मग बाप, असं तू म्हणाला होतास. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही.

नक्कल पुढच्या टपालाने पाठवते. या आठवड्यात कोबी चिरून खारवायचाय, हात मोकळे नाहीत.

एक विचारायचं होतं. थंड हवा पाण्यासारखी वाहत असेल, तर ती वाहताना दिसायला नको का?

तुझी बहीण,
लाम्पा

*

२ नोव्हेंबर १९०२

आवेर्या,

नक्कल पाठवली नाही. कोबीचं कारण संपलंय, आता दुसरं शोधते आहे.

तू पाठवलेलं छापखान्याचं पान पामफिलने मला दाखवलं. तळटीप मी तीनदा वाचली. 'या नोंदीविषयी शंकेला जागा नाही, कारण निरीक्षिकेने वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीही आपली जागा सोडली नाही.' पामफिलचे डोळे भरून आले. "बघा एवलाम्पिया क्लिमेंतयेव्ना, भावाने तुम्हाला अमर केलं!" असं म्हणत त्याने माझ्या बशीतला शेवटचा केकही खाल्ला.

तळटीप काढ. विनंती करते.

तू एका तोंडाने छापतोस की मी शूर आहे, आणि दुसऱ्या तोंडाने साडेतीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, कारण त्याच क्षणी मी बाबांना एकटं सोडलं. हे दोन्ही तुझ्या डोक्यात एकाच खोलीत कसं नांदतं, हे मला जाणून घ्यायला आवडेल. शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारते.

तू आलास तो दिवस मला नीट आठवतो. बाबांना मातीत ठेवून दोन दिवस झाले होते. स्लेजमधून उतरलास, कोटावरचा बर्फसुद्धा झटकला नाहीस आणि थेट नोंदवही उघडलीस. मग डॉक्टरचा कागद मागितलास. मृत्यू, सात वाजून पाच मिनिटं. वहीत माझी नोंद, सात ते सात दहा, बागेतल्या तापमापकाच्या पेटीपाशी. तू दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेस.

"सात वाजून पाच मिनिटांनी तू कुठे होतीस?"

"वहीत लिहिलंय."

"मी तुला विचारतोय, वहीला नाही."

"वहीत लिहिलंय, आवेर्या."

"म्हणजे ते एकटेच गेले. एका आकड्यासाठी!"

आणि तो आकडा तू वहीतून उतरवून घेतलास, आणि गेलास. त्याच आकड्यावर तू आता पुस्तक लिहितोयस, हे मी तुला टोचून सांगत नाही. म्हणजे सांगतेच आहे.

बाबांनी चव्वेचाळीस वर्षं एकही नोंद चुकवली नाही. नदीला पूर आला तेव्हा ते पेटीपर्यंत होडीने गेले. आईच्या अंत्यविधीला मधूनच उठून दुपारी एकची नोंद घेऊन आले आणि पाद्रीबाबांची नजर चुकवत मागच्या रांगेत उभे राहिले. आपल्याला चमचा धरायच्या आधी त्यांनी तापमापक वाचायला शिकवलं. आधी दशांश वाचायचा, मग अंश, कारण तोंडाच्या वाफेने पारा चढायला लागतो. श्वास रोखून आपण पेटीसमोर उभे राहायचो आणि तू प्रत्येक वेळी शिंकायचास.

तळटीप काढ.

लाम्पा

*

२९ नोव्हेंबर १९०२

आवेर्या,

तुझं उत्तर मिळालं. चार शब्द. 'का काढू? कारण लिही.' बापाचा मुलगा शोभतोस.

कारण लिहिण्याआधी मी थोडी चौकशी करते आहे. तू हसशील. पन्नाशीची बाई, मुलींच्या शाळेची मास्तरीण, गावभर लोकांना विचारत फिरते आहे की चार हिवाळ्यांपूर्वीच्या एका सकाळी तुम्हाला किती थंडी वाजली होती. लोकांना वाटतंय माझं डोकं फिरलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला लिंबू घातलेला चहा पाजला आणि हळू आवाजात डॉक्टरचं नाव सांगितलं.

लोकांच्या आठवणी काही कामाच्या नाहीत. न्हाव्याच्या मते त्या दिवशी थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. पण तो हे प्रत्येक हिवाळ्याबद्दल सांगतो. धोबीण म्हणते तिच्या चादरी दारासारख्या उभ्या राहिल्या. त्या उणे दहालाही राहतात. आमच्या केंद्रावर रात्रीतलं सर्वांत कमी तापमान आपोआप धरून ठेवणारा दुसरा तापमापक असता तर प्रश्नच नव्हता. तो डिसेंबरात फुटला होता. नवा मार्चमध्ये आला, तोही तुमच्या राजधानीच्या कृपेने पोस्टात तडा जाऊन.

मग मला औषधवाला येरोनिम कार्लोविच आठवला. मलमात घालायचा पारा तो मागच्या शेडमध्ये ठेवतो, आणि तिथे चूल नाही, खिडकीला काच नाही. तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण मला लिहायला आवडतं. उणे एकोणचाळीसला पारा दगड होतो, त्याच्या खालचे अंश शेजारच्या स्पिरिटच्या तापमापकावर वाचायचे. बाबा चव्वेचाळीस वर्षं पारा गोठायची वाट बघत होते. दर हिवाळ्यात विचारायचे, "गोठला का गं?" आणि मी म्हणायचे, "नाही बाबा, पळतोय अजून."

मी विचारलं, "येरोनिम कार्लोविच, बाबा गेले ती सकाळ आठवते?"

"मॅडम, ती सकाळ माझ्या पायाला आठवते."

"म्हणजे?"

"शेडमध्ये पारा तोलत होतो. तेवढ्यात तुमच्या वडिलांसाठी घंटा वाजायला लागली. मी दचकलो, वाडगं हातातून सुटलं. सगळा पारा फळ्यांवर! दोन दिवस मी आणि माझी बायको गुडघ्यांवर रांगत कोंबडीच्या पिसाने गोळ्या गोळा करत होतो. अजून थंडीत गुडघा ठणकतो. तुमचे वडील मोठे विद्वान, देव त्यांना शांती देवो, पण माझा पाऊण पौंड पारा त्यांच्याबरोबरच गेला."

"गोळ्या? पळत होत्या?"

"पळत होत्या म्हणजे काय! उंदरांसारख्या!"

"दगड झाला नव्हता? नक्की?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, आता हाही लिंबाचा चहा आणतो.

घंटा आठच्या सुमारास वाजली. त्या वेळी हवा सातपेक्षा फारशी उबदार नसते, ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

मी घरी आले आणि बराच वेळ कोट न काढता बसून राहिले. अजून काही लिहीत नाही. मला अजून एक मोजमाप करायचं आहे.

लाम्पा

*

२० डिसेंबर १९०२

आवेर्या,

हे पत्र तू बसून वाच. आधी चांगलं सांगते, कारण तू चांगलं ऐकलंस की बाकीचं सहन करतोस. लहानपणी एरंडेलाच्या आधी मी तुला मधाची बोटं द्यायचे तसं.

थंडी वाहताना दिसते. मी पाहिली.

१२ तारखेला वारा नव्हता, आकाश लख्ख होतं. पामफिलला मी सकाळी आठला टेकडीच्या मध्यावर बोलावलं. तो कुरकुरत आला, "बाईसाहेब, उपवासाच्या दिवसांत हे काय खेळ!" आम्ही ओली बर्चची साल पेटवली. धूर हातभर वर गेला, थांबला, आणि मग आवेर्या, तो वळून उताराला लागला! उतू गेलेलं दूध चुलीवरून ओघळतं ना, तसा. बर्फाला चिकटून, पावलापावलाने खाली. आम्ही त्याच्या बाजूने चालत गेलो. मी पावलं मोजली, पामफिलने घड्याळ धरलं. मिनिटाला एकोणतीस पावलं. खाली नदीकाठी आपल्या बागेशी येऊन तो धूर पसरला आणि तळ्यासारखा स्थिर झाला. पामफिलने क्रूसाची खूण केली. मी ओरडले. पन्नाशीच्या बाईने ओरडू नये एवढ्या मोठ्याने ओरडले.

ही मोजमापं वेगळ्या कागदावर आहेत, सहा सकाळींची. पुस्तकात घाल. तुझा सिद्धांत खरा आहे. कांजिण्यांपासून खरा आहे.

आता एरंडेल.

गेल्या चार हिवाळ्यांतल्या सगळ्या निवांत, निरभ्र सकाळी मी काढल्या. एकतीस आहेत. टेकडी आणि नदीकाठ यांतला फरक कधी सहा अंश, कधी आठ. सर्वांत मोठा नऊ पूर्णांक सहा. सतरा कधीच नाही. सतराच्या जवळपासही नाही. त्या सकाळी टेकडीवर उणे चोवीस होतं, म्हणजे आपल्याकडे फार तर उणे तेहतीस असणार. येरोनिमचा पारा पळाला, यात नवल नाही.

३ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता मी पेटीपाशी गेले नाही. मी बाबांपाशी होते. सातचे ठोके पडले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि पाच मिनिटांनी मी तो सोडला तेव्हा सोडला तरी चालणार होतं. ते एकटे गेले नाहीत, आवेर्या. एक क्षणही नाहीत.

तो आकडा मी खुर्चीत बसून लिहिला. वहीत माझ्या हातची दुसरी खोटी नोंद नाही, यावर तुझा विश्वास बसला तर बरं, नाही बसला तरी मी समजू शकते.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू दोन कागद शेजारी ठेवलेस आणि मला दिसलं, दोन्हीपैकी एकच खरा राहू शकतो. बाबांची सलग चव्वेचाळीस वर्षांची वही खोटी ठरवायची, की मी वाईट मुलगी ठरायचं. मी वाईट मुलगी निवडली. वाटलं, तुझा राग वर्षभर टिकेल. तू तो चांगला जपलास.

मग तू पुस्तक लिहायला घेतलंस. बाबांची वही माझ्या एका खोट्याने मळली ती मळलीच, पण तुझं आयुष्यभराचं काम त्याच्यावर उभं राहू देऊ शकत नाही. उद्या कुणी दुसरा तापमापक घेऊन आपल्या खोऱ्यात येईल, त्याला नऊच सापडतील, आणि तुला सगळे खोटारडा म्हणतील. तळटीप काढ. आकडा काढ. त्या जागी धूर घाल.

खोटी नोंद करणाऱ्याचं केंद्र काढून घेतात, हा नियम मला ठाऊक आहे. नियमावलीचा तो परिच्छेद तूच लिहिलास ना? 'फटकारा' ओळखला मी.

लाम्पा

*

२६ जानेवारी १९०३

आवेर्या,

एका पाकिटात तुझे दोन कागद मिळाले. एक छापील. 'खोट्या नोंदीमुळे उस्त-शोर्स्क केंद्र बंद करण्यात येत आहे, उपकरणे पेटीत भरून पाठवावीत', खाली तुझी पूर्ण सही, शिक्क्यासह. दुसरा वहीतून फाडलेला, हाताचा. 'आकडा काढला. प्रकरण नव्याने लिहितो, धूर तुझ्या नावाने जातोय. लाम्पा, एकेचाळीसच का? उणे तीस लिहिलं असतंस तर कुणालाही कधी कळलं नसतं. एवढा मोठा आकडा का लिहिलास?'

पहिला कागद वाचून मी रडले नाही. दुसरा वाचून रडले. कारण प्रश्न बरोबर होता, आणि तो विचारायला तुला चार वर्षं लागली.

उपकरणं आज भरली. वायुभारमापक लाकडाच्या भुश्यात, तापमापक बाबांच्या लोकरी मोज्यांत. मोजे परत पाठव. बागेतली रिकामी पेटी तशीच उभी आहे. आज सकाळी सातला मी सवयीने तिच्यापर्यंत गेले, श्वास रोखला, दार उघडलं. आत एक चिमणी होती. आम्ही दोघी दचकलो.

आता उत्तर.

सातला दहा कमी होते. बाबांना घड्याळ दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "सात झाले?" मला वाटलं, सातपर्यंत ते राहणार नाहीत. मी म्हणाले, "हो."

"मग बसलीस काय? जा."

मी उठून ओसरीत गेले. पेटी बागेच्या टोकाला चाळीस पावलांवर, आणि तेवढ्यात ते गेले तर? मी बाहेरचं दार आपटलं, दाराच्या लोखंडी कडीला दोन्ही हात लावून साठपर्यंत मोजलं आणि परत आले. त्यांनी माझे हात धरून पाहिले. "गार आहेत. गेली होतीस. बोल."

आधी दशांश. मी म्हणाले, "तीन."

ते वाट बघत होते. त्यांचे डोळे तू पाहायला हवे होतेस, आवेर्या. अंगातला बाकी सगळा माणूस आधीच निघून गेला होता आणि सगळं कुतूहल डोळ्यांत येऊन बसलं होतं. मी तेहतीस म्हणू शकले असते. तेहतीस त्यांनी शंभरदा पाहिलं होतं.

मी म्हणाले, "एकेचाळीस."

"पारा?"

"गोठला, बाबा."

"गोठला!" ते हसले. मला खरंच ऐकू आलं इतके हसले. "चव्वेचाळीस वर्षं! लिही. पेन्सिलीने नको, शाईने. माझ्यासमोर लिही." मी वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरून लिहिलं. मग ते म्हणाले, "आवेर्याला तार कर. आजच. आकडा, आणि पारा गोठला एवढंच घाल. बाकी काही नको. एवढ्याने तो नाचेल."

मग सातचे ठोके पडले, आणि पुढचं तुला सांगितलं आहे.

नऊ वाजता मी तार ऑफिसात गेले. तारबाबूने कागद वाचला आणि म्हणाला, "बाईसाहेब, वाक्यांची अदलाबदल करा ना. वाचणाऱ्याला कसं वाटेल?" मी म्हणाले, नाही, जशी दिली तशीच पाठवा.

पहिली दोन वाक्यं बाबांची आहेत, आवेर्या. माझं फक्त तिसरं.

लाम्पा